सेन्सर काढलेला दिवा

मुलगी बाळंत झाली होती. नात दुसऱ्या दिवशी सूतिकागृहातून घरी येणार होती. घरी आल्यावर तिचं तोंड सगळ्यांआधी मी पाहायचं आणि तोवर तिची खोली निर्जंतुक करायची, असं मी ठरवलं. जावयाने जंतू मारायचा दिवा आणून दिला. "बाबा, आधी कागद वाचा," एवढं सांगून तो गेला. (चाळीस वर्षं वायरमन होतो. कागद वाचून एकही दिवा लावलेला नाही.)

कागद इंग्रजीत होता. चित्रात माणसावर लाल फुली होती. म्हणजे माणसाची गरज नाही, दिवा आपला आपण चालतो. हे कुणालाही कळेल.

पण मी खोलीत पाऊल टाकलं की दिवा विझे. बाहेर गेलो की लागे.

"तुम्हाला बघून विझतो," बायको दाराबाहेरून म्हणाली. "शहाणा दिसतोय."

"माल खराब आहे," मी म्हटलं. सेन्सरच्या दोन वायरी काढल्या, एकमेकींना जोडल्या. दिवा निमूट पेटला.

"आता तरी बाहेर या."

"काम चालू टाकून जाणारा वायरमन मी नव्हे."

दार लावून घेतलं आणि खुर्ची टाकून अर्धा तास दिव्याकडे बघत बसलो. जंतू मरताना दिसत नाहीत, पण देखरेख लागतेच.

संध्याकाळी डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखं झालं. तोंड भाजलं होतं. बायकोने हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"वेल्डिंग करता का?" त्यांनी विचारलं.

"वायरमन आहे."

बायकोने सगळं सांगितलं. तिला विचारलं नव्हतं.

"वायरमन असून सेन्सर कळला नाही?"

"कळला, म्हणूनच काढला."

बाई लिहायच्या थांबल्या. "आजोबा, जंतू कोण आणि माणूस कोण, हे दिव्याला कळत नाही. सेन्सरला कळत होतं. दोन दिवस डोळे मिटून पडून राहा."

"उद्या नात येतेय."

"येऊ दे की. ती तुम्हाला बघेल."

नात आली. मुलीने ती माझ्या मांडीवर ठेवली. डोळे उघडून पाहिले. नुसतं पाणी आलं. शेवटी विचारावंच लागलं.

"कुणावर गेलीय?"

बायको म्हणाली, "अगदी तुमच्यावर. तोंड लाल, डोळे मिटलेले, आणि सांगितलेलं काही कळत नाही."