अण्णाकाकांचं वाफेचं जनावर

पोळ्याच्या आदल्या सांजेला सगळं गाव बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतं. आमचे अण्णाकाका इंजिनाला चोळतात. वर धुराड्याशी वाकून म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." इंजिनाला!

विलायतेत पूर्वी शेतात राबायची त्या वाफेच्या इंजिनांची ही गुडघ्याएवढी नक्कल. एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झाल्यावर काकांनी सुटे भाग मागवून स्वतः जोडली. खरा कोळसा, खरी वाफ, खरी शिट्टी. बोअरच्या पाण्यानं आत पांढरा थर धरतो, म्हणून इंजिन जारचं पाणी पितं आणि काका बोअरचं. "त्याच्या पोटात खडे व्हत्यात बाबा." आणि तुमच्या? "मला काय व्हतंय!"

मी लातूरला क्लासमध्ये शिकवतो. लोक सर म्हणतात. पण पोळ्याला मुखेडजवळच्या आमच्या गावी यायचं म्हटलं की नको वाटतं. काका इंजिनाला झूल घालतात, बाशिंग बांधतात आणि बैलांच्या रांगेत शेवटी उभं करतात. मारुतीपुढच्या तोरणाखालून सगळे बैल झोकात जातात. आमचं फुसफुसत तिथवर येतं आणि ऐन तोरणापाशी बंद पडतं. दरवर्षी! पोरं ओरडतात, "बसला रे बसला! चारा टाका!" त्यात माझ्या क्लासचीही दोन-तीन असतात, मोबाईल घेऊन. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

यंदा ठरवलं, एकदाचं हे तोरणाखालून जाऊ दे, म्हणजे हसणं तरी थांबेल. नळ्या मी साफ केल्या, कोळसा मी फोडला. शर्टाची पार वाट लागली. पण इंजिन असं निघालं म्हणता! काका शेजारून लगबगीनं चालत होते. तोरण दोन हातांवर आलं. लोक टाळ्या वाजवायला लागले.

आणि काकांनी वाकून वाफेची चावी बंद केली. मी डोळ्यांनी बघितलं.

"बसला!" पोरं ओरडली. काका ओशाळं हसले, "दमलं बिचारं."

इंजिन हातगाड्यावर घालून घरी नेताना मी भडकलो. "काका, मुद्दाम बंद केलंत! गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही तुम्ही!"

काकांनी इंजिनावरची झूल सारखी केली. "आपला हौशा ध्यानात हाय का? शेवटचा बैल. ट्रॅक्टर आला, मंग त्याला उगं कशाला पोसायचं म्हणून मीच इकला. पोळ्याच्या आदल्या बाजारी. एक सण बी करू दिला न्हाई."

"मग हे सोंग कशाला आणता दरवर्षी?"

"गोठा रिकामा दिसतोय रे. पोळ्याला घरातून कुणीतरी निघावं वाटतंय." त्यांनी धुराड्याचं बाशिंग सोडलं. "तोरणापोतर येतो. फुडं पाऊल टाकाया गेलं की हौशा दिसतोय, टेम्पोतून माघारी बघून राहिलेला. मी हाळी मारीन, उतरून घीन, असं वाटत व्हतं त्याला."