साहेबांवरची हिरवी चौकट

"यंदा साहेबांच्या पापण्या मोजून घ्या, नाहीतर नाव बदला माझं!" असं क्लिकरावाने भर कँटीनमध्ये जाहीर करून टाकलं. क्लिकराव म्हणजे बादल्यांच्या कारखान्यातला गोडाऊनचा कारकून. कारखान्यात काहीही घडो, हा गडी कॅमेरा घेऊन हजर! मागच्या वार्षिक समारंभात याच्या फोटोंत मालकसाहेब धुरकट आणि मागची रिकामी खुर्ची मात्र लख्ख आली होती. यंदा असं होऊन चालणारच नव्हतं. गोडाऊनचे मुख्य निवृत्त होत होते आणि त्या जागी आपलीच वर्णी लागणार, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. नेमणूक साहेबांच्या हातात आणि साहेबांचा जीव फोटोत!

म्हणून नवाकोरा मिररलेस कॅमेरा घरी आला.

"याला एकदा चेहरा दाखवून ठेवायचा. मग शंभर माणसांतून तेवढाच हुडकतो आणि डोळ्यांवर हिरवी चौकट ठेवतो. फोकस चुकायचं नावच नाही!"

"अहो, पण साहेब येणार आहेत का आपल्याकडे चेहरा दाखवायला?" बायकोने विचारलं.

"कारखान्याच्या माहितीपत्रकावर फोटो आहे की त्यांचा! तोच दाखवला!"

आता तो फोटो होता कारखाना सुरू झाला तेव्हाचा. घनदाट केस, तरतरीत नाक, एकच हनुवटी! हल्ली साहेबांच्या तुळतुळीत डोक्यात वरचा पंखा दिसायचा. पण साहेब सगळीकडे तोच फोटो लावत आणि कुणाची ब्र काढायची टाप नव्हती. क्लिकरावाला तर दोघांतला फरक दिसेनासाच झाला होता. नोकरी अंगात मुरली की होतं असं.

समारंभ सुरू झाला. साहेब माईकपाशी आले, क्लिकरावाने बटण अर्धं दाबलं आणि टुक! चौकट लागलीसुद्धा! साहेब बक्षीस देतायत, टुक! साहेब टाळ्या वाजवतायत, टुक! साहेब हलले तरी चौकट जागची हलेना. याला म्हणतात पकड, असं म्हणून त्याने स्वतःचीच पाठ थोपटली.

घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर उघडले मात्र, त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. चौकट बसली होती मंचामागच्या भिंतीवर! तिथे साहेबांचा तोच जुना फोटो दाराएवढा करून टांगला होता. त्यातला केस न् केस वेगळा दिसत होता. आणि त्याच्यापुढे, प्रत्येक फोटोत, एक पुसट गोळा.

"कॅमेऱ्याचं काय चुकलं?" बायको म्हणाली. "दाखवलात तो चेहरा त्याने शोधला. बदलले ते साहेब!"

"मग हे साहेबांना तू सांगतेस का?"

बायकोला एकदम दुसरं काम आठवलं.

दुसऱ्या दिवशी नाइलाजाने फोटो साहेबांकडे पोचवले आणि लगेच केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेब चष्मा लावून फोटो बघत होते. क्लिकराव घामाने निथळत उभा.

"झकास! इतका स्पष्ट मी आजवर कुणाच्याच कॅमेऱ्यात आलो नव्हतो!"

क्लिकरावाचा जीव भांड्यात पडला.

"पण काय हो," साहेबांच्या कपाळावर आठी चढली, "दर फोटोत माझ्यापुढे हे पुसट टक्कल कुणाचं?"

क्लिकरावाने एकदा फोटोकडे आणि एकदा साहेबांच्या डोक्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हालाच गोडाऊनचा मुख्य करणार होतो मी. पण एक टकल्या बाजूला करता येत नाही तुम्हाला, गोडाऊन काय कपाळ सांभाळणार?"

"चुकलं, साहेब," क्लिकराव रडवेल्या आवाजात म्हणाला. "पुढच्या खेपेला त्याला मंचावर पायच ठेवू देणार नाही!"