मागच्या वाटेचे बाबाराव

बाबाराव चोपडे कोणत्याही गावात समोरून शिरत नसत. एस.टी.तून उतरलेले लोक वेशीकडे चालू लागले की बाबाराव उलटे वळत आणि बांधावरून, उकिरड्यांच्या मधून, कुत्री अंगावर घेत गावाच्या पाठीमागून आत जात. मी पँट सावरत त्यांच्यामागे.

"समोरून गेलं का समोरचेच लोकं भेटतात, मास्तर," ते म्हणत.

मी मास्तर नव्हतो. देऊळगाव राजाचा, नुकताच बी.ए. झालेला, त्यांच्या हाताखाली लागलेला मदतनीस होतो. पण मला चष्मा होता, तेवढं त्यांना पुरलं.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. धामणगाव बढ्याच्या पलीकडचं एक लहानसं गाव धरणाच्या पाण्यात जाणार होतं. ते उठवून नव्या जागी कसं वसवायचं हे ठरण्याआधी तिथल्या काही माणसांशी निवांत बोलायचं आणि ते सगळं लिहून पुण्याच्या कचेरीला पाठवायचं, हे आमचं काम. सगळ्या गावाशी बोलायला वेळ नव्हता, म्हणून माणसं निवडायची. आणि निवड म्हटली की बाबारावांना चैन पडत नसे.

मलकापूरच्या बाजारात ते ढिगातलं वरचं वांगं कधी घेत नसत. "वरचं वांगं दुकानदारानं निवडलेलं असते," म्हणून तळात हात घालत आणि हमखास किडकं घेऊन येत. लग्नाच्या पंगतीत स्वतःचा भात निवून जाई, पण मान उंच करून बघत राहत, कोणाच्या पानावर वाढायचं राहिलं का. झोपेतसुद्धा पुटपुटत, "कोनतरी सुटून राह्यलं!"

त्या गावात सरपंचांनी आमची सोय आधीच करून ठेवली होती. ओट्यावर सतरंजी, चहा आणि बोलायला तयार असलेली मंडळी. जो येई तो तेच सांगे. जमिनीला जमीन द्या, रस्ता द्या, देऊळ बांधून द्या. त्यात खोटं काहीच नव्हतं. मला तर हायसं वाटलं होतं. पुण्याचे साहेब दुसऱ्या दिवशी कागद न्यायला येणार होते. "चार बोलकी माणसं गाठा आणि मोकळे व्हा," असं त्यांनी बजावलंच होतं.

बाबारावांनी मात्र जेवण सोडलं. शर्टाचं बटण चावून चावून तोडलं.

"हे सगळे एकच मानूस हायेत, मास्तर. टोप्या तेवढ्या बदलून राह्यल्या."

"पण साहेब उद्या येतील."

"साहेब येतीन आन् जातीन. गाव एकदा चुकीचं बसलं त पुन्हा उठवता येते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते गावामागून चक्कर मारून आले आणि सरपंचांना विचारू लागले, "थ्या शेवटच्या घरात कोन राह्यते?"

"गोदाबाई. पुतन्याचं घर हाये थे. तिच्या नावावर ना घर ना वावर. तिले कायले विचारता?"

"मंग तर तिलेच विचारा लागते," म्हणत बाबाराव निघालेसुद्धा.

दुपारी साहेबांची जीप आली. साहेब घड्याळ बघू लागले, सरपंच माझ्याकडे बघू लागले. मी धावतच त्या शेवटच्या घरी गेलो.

दारात गोदाबाई मेथी निवडत बसली होती. सत्तरीची, वाळकी बाई. समोर बाबाराव, मांडीवर कागद.

"जमीन मले कोन देते," ती सांगत होती. "पन माह्या भिंतीले लागून गंगूचं घर हाये. सकाळी उठली का मी भिंतीवर लाटनं वाजवते, थे तिकून वाजवते. एखाद्या दिवशी माह्या लाटन्याचा आवाज नाई गेला, त पयत येते पाहाले, बुढी हाये का गेली. नव्या गावात मले कोनाच्या बाजूले टाकान, बाप्पा?"

ओट्यावरच्या एकानंही शेजाराचं नाव काढलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

ते बोलणं पुण्याला गेलं. पुढे नवं गाव वसलं तेव्हा ज्यांनी मागितलं त्यांचा शेजार मोडला नाही. गोदाबाईला गंगूच्या पडवीला लागून खोली मिळाली, हे मी स्वतः जाऊन पाहिलं.

पण त्या दुपारी तिचं सांगून झालं, तरी बाबाराव उठेनात. गोदाबाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"आन् तुह्या बाजूले कोन राह्यते रे, बाबू?"

मलकापुरात एका खोलीत बाबाराव कित्येक वर्षं एकटेच राहत. खोलीत मी एकदाच गेलो होतो. एक खाट, एक स्टोव्ह, एक कप.

"मालूम नाई, माय," ते म्हणाले. "कोनतरी राह्यते. खोकलन्याचा आवाज येते."

"मंग विचारलं काऊन नाई?"

तिनं मेथीची अर्धी जुडी त्यांच्यापुढे सरकवली.

"घे. हात चालू ठेव आन् सांग. घरी कोन कोन होतं तुह्या?"

त्यांनी कागद बाजूला ठेवला, एक काडी उचलली आणि हळूहळू सांगायला लागले. मागे जीपचा भोंगा वाजत होता. मी त्यांना हाक मारायला आलो होतो, पण दाराच्या अलीकडेच थांबलो.