कवीच्या बाजूचे नेरुरकर

घाटकोपरच्या बिऱ्हाडात मी राहायला आलो त्या दिवशी हमालाच्या डोक्यावरची ट्रंक अजून खाली उतरली नव्हती. शेजारच्या दारातून धोतर-बंडीतले एक गृहस्थ बाहेर आले. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरीही विचारली नाही. चष्मा कपाळावर सारून ते म्हणाले, "तुम्ही कवीच्या बाजूचे की बाईच्या?"

मी देसाई, असं मी सांगितलं. ते मागाहून बघू, आधी बाजू सांगा, असं त्यांचं म्हणणं पडलं. हमाल म्हणाला, शेठ, वजन आहे. मला ओ की ठो कळलं नव्हतं, पण ट्रंक उतरणं जरुरीचं होतं, म्हणून मी 'कवीच्या' म्हणून टाकलं. त्या एका शब्दापायी माझे पुढच्या सहा वर्षांतले कितीतरी रविवार गेले.

हे नेरुरकर. गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं वाचायचे. मालवणकडचे, सडपातळ, आणि बोलायला लागले की समोरच्या माणसाच्या सदऱ्याचं बटण धरून ठेवायचे, म्हणजे तो पळू नये. माझ्या तीन सदऱ्यांची बटणं त्यांनी काढली आहेत. बायको ती शिवते आणि शिवताना मला बोलते.

आता कवी कोण, ते सांगायला हवं. नाव मी मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं की दोन्ही पक्षांची पत्रं येतात, आणि त्यांना उत्तरं द्यायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. मोठे कवी होते, मुलुंडला राहायचे, तिथेच गेले. डोंगराच्या पायथ्याशी एका आंब्याखाली त्यांच्या अस्थी पुरून चाहत्यांनी चौथरा बांधला आहे. त्यांची बायको लग्नानंतर तेरा वर्षांनी माहेरी कोकणात गेली ती परत आली नाही. मग कवींनी विरहाच्या कविता लिहिल्या आणि त्या वाचून सगळा महाराष्ट्र रडला. रडून झाल्यावर महाराष्ट्राचे दोन तट पडले. एक म्हणायचा, बाईनं कवीची वाट लावली. दुसरा म्हणायचा, कवीनंच बाईची लावली. नेरुरकर पहिल्या तटाचे बिनीचे शिलेदार. कारण त्या कवितांची प्रूफं त्यांच्या हाताखालून गेली होती आणि कवींनी एकदा छापखान्यात त्यांच्याकडे पाणी मागितलं होतं. त्या एका पेल्यावर नेरुरकरांनी तीस वर्षं काढली.

दुसऱ्या तटाचं पुढारीपण त्यांच्याच घरात होतं. नेरुरकरकाकू जेमतेम चौथी शिकलेल्या, पण मुद्द्याला पक्क्या. महिन्यातून एका रविवारी ही दोघं समाधीला जायची आणि निवाडा करायला मला न्यायची. मुलुंडला उतरून दोन मैल चालायचं. मधे मी, हातात फराळाच्या डब्याची पिशवी, उजवीकडून कवी, डावीकडून बाई. नेरुरकर म्हणायचे, कवितांची अख्खी वही तिनं बंबात घातली, सांगा देसाई, याला क्षमा आहे? काकू म्हणायच्या, तेरा वर्षं त्या बंबात काय घालायचं हे तिनंच बघितलं, ह्यांच्या कवीनं एक दिवस तरी लाकूड आणलं का, विचारा त्यांना. मी विचारायचो. एकमेकांशी ती दोघं सरळ फार थोडं बोलत. मूलबाळ नव्हतं. घरात दिवसचे दिवस 'जेवायला वाढलंय' आणि 'येतो' एवढ्यावर भागायचं. पण समाधीचा रस्ता लागला की दोघांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. ही भांडणं त्यांना जेवणासारखी लागतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तोवर मी फक्त दमलेला होतो.

गेल्या दिवाळीआधीच्या रविवारी मात्र जरा निराळं झालं. समाधीपाशी कॉलेजातली काही मुलं आली होती. श्रोते मिळाल्यावर नेरुरकरांना चेव आला. बोलता बोलता ते म्हणाले, कवीचं सोडा, घरोघरी तेच आहे, बाई तीस वर्षं एका छपराखाली राहते आणि तिला माणूस कळत नाही. काकू मागे बसून डब्यातले लाडू काढत होत्या. त्यांनी लाडू सगळ्यांना दिले. परतीच्या दोन मैलांत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पिशवी माझ्याकडून घेऊन त्यांनी स्वतः धरली.

भाऊबीजेला त्यांचा भाऊ मालवणहून आला आणि आठ दिवसांसाठी म्हणून त्यांना घेऊन गेला. आठाचे पंधरा झाले, मार्गशीर्ष गेला, पौष गेला. काकू आल्या नाहीत आणि त्यांचं पत्रही आलं नाही. काकू आता येतात की नाही, याची आमच्या मजल्यावर नळाच्या पाळीपेक्षा जास्त चर्चा होऊ लागली. निदान एक कार्ड टाका, असं मी नेरुरकरांना सुचवलं, तेव्हा त्यांनी माझं बटण धरलं आणि म्हणाले, "आपल्या पायान गेली, आपल्या पायान येतली." पुढे हे वाक्य ते कुणी विचारलं नाही तरी म्हणू लागले. दूधवाल्यालाही म्हणाले. दूधवाला उत्तरेकडचा, तो 'अच्छा' म्हणाला.

माणूस खंगला, हे दिसत होतं. खानावळीत जेवत. आमच्या घरून भाजी गेली की वाटी परत देताना मीठ कमी असल्याचं सांगत, म्हणून आमच्या घरून भाजी जायची बंद झाली. पोस्टमन यायच्या वेळी जिन्यात उभे राहत आणि तो आला की वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं दाखवत. एकदा तर वर्तमानपत्र आणायला विसरले आणि नुसतेच कठड्याला धरून उभे राहिले. मला त्यांची कीव आली. त्याबरोबरच वैतागही आला, कारण वादाला घरात कोणी नसल्यामुळे ते आता रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन काकूंचे मुद्दे स्वतःच मांडत आणि स्वतःच खोडत.

माघात कवींची पुण्यतिथी आली. मला सर्दी झाली होती, पण सर्दीवर कवितेचा उतारा चालतो असं सांगून नेरुरकरांनी मला नेलंच. समाधीपाशी दहाबारा माणसं होती. एक प्राध्यापक कवीच्या मनोव्यथेवर बोलत होते. चौथऱ्याच्या कडेला नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई पदर सावरून बसल्या होत्या. भाषण संपल्यावर कुणीतरी सांगितलं, या कवींच्या मेहुणी, हल्ली ठाण्याला मुलाकडे असतात. मग काय, सगळ्यांनी त्यांना गराडाच घातला. नेरुरकर नारळ हातात घेऊन सर्वांत पुढे. मी त्यांच्या मागे, नाकाला रुमाल लावून.

नेरुरकरांनी तीस वर्षं तोंडात घोळवलेला प्रश्न विचारला. तुमच्या बहिणीनं वही जाळली, हे खरं ना?

"जाळली," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "लाकडं ओली होती. आणि अक्काला वाचता कुठे येत होतं?"

प्राध्यापकांनी विचारलं, मग त्या नवऱ्याला सोडून का गेल्या? बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग त्यांनी सांगितलं की अक्का कुणाला सोडून गेलीच नव्हती. आई आजारी होती, तिला बघायला आली होती. महिन्याभरात आई हिंडूफिरू लागली. मग अक्का वाट बघत बसली, सासरहून कोणी न्यायला येईल म्हणून. लेक माहेराहून आपली आपण कशी जाईल? भाऊ म्हणाला, मी पोचवतो. ती म्हणाली, पोचवलं तर त्यांना वाटेल माहेरी जड झाले, त्यांच्याकडून बोलावणं येऊ दे. तिकडे कवींना वाटलं, ही रुसून गेली.

"मासिकं यायची ना टपालानं," बाई म्हणाल्या. "भाऊ वाचून दाखवायचा, की बघ अक्का, तुझ्यावर आणखी एक आली. ती सगळं ऐकून घ्यायची. मग म्हणायची, कविता कशाला, माणूस पाठवा म्हणावं."

कुणीतरी विचारलं, असं किती दिवस? नऊ वर्षं, बाई म्हणाल्या, मग तापानं गेली. सवाष्ण गेली, एवढं बरं झालं.

प्राध्यापकांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. आपण सगळे इतकी वर्षं या चौथऱ्यापाशी कशासाठी घसा फोडत होतो, याची मला लाज वाटली. नेरुरकरांनी नारळ न फोडता चौथऱ्यावर ठेवला आणि चालायला लागले.

दोन मैल ते गप्प होते. काकूही अशाच गप्प चालल्या होत्या, ते मला आठवलं. स्टेशनाजवळच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. नेरुरकरांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला. माझ्या बटणाला हात लावला नाही.

"देसाई," ते म्हणाले, "आमच्याकडे माणूस नाही हो."

कसला माणूस, मी विचारलं.

"पाठवायला. भाऊ नाही, पुतण्या नाही, मूल नाही. कुणाला पाठवू?"

तुम्ही आहात की, मी म्हणालो. नवऱ्यानं स्वतः गेलेलं चालतं का, त्यांनी विचारलं. चालतं, मी म्हणालो. मला काय ठाऊक! पण तिथे दुसरं काही म्हणणं शक्य नव्हतं. "आणि नाही आली तर?" त्यांनी विचारलं. तीन महिने ते जिन्यात कशाला घाबरून उभे होते, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांना चहा प्यायला सांगितलं. तो गार झाला होता, तरी प्याले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते बोटीनं गेले. दहाव्या दिवशी सकाळी शेजारच्या कुलपाचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूंचा, घराची ही काय दशा केली आहे म्हणून. दुपारी त्या आमच्याकडे सोलं आणि कुळथाचं पीठ द्यायला आल्या, तेव्हा माझ्या बायकोनं खोदून खोदून विचारून सगळी हकिगत काढून घेतली.

नेरुरकर भर दुपारी माहेरच्या अंगणात येऊन उभे राहिले. घरातले झाडून सगळे पडवीत आले. तीन-तीन तास बोलणारा हा माणूस छत्री मिटून नुसता उभा. मेहुण्यानं विचारलं, कसं काय येणं केलंत? तेव्हा त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "नेरुरकरांचो माणूस इलो हा. तेंच्या बायलेक न्हेवक."

नवराच नवऱ्याचा माणूस म्हणून बायकोला न्यायला आलेला बघून पडवीत पोरंसोरं हसली. काकू दाराआड होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. आतूनच त्यांनी त्या आलेल्या माणसाला विचारलं, नेरुरकर बरे असत मां?

"नाय," तो माणूस म्हणाला. "बरे नाय."