शेवाळरावांची नवी प्रजाती

शेवाळरावांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि त्यांच्या संसारातला एक जुना तिढा सुटला. किनाऱ्याच्या पाण्यात तरंगणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती मोजण्यात त्यांची हयात चालली होती. 'शेवाळराव' हे नाव त्यांना त्यावरून सासुरवाडीनेच बहाल केलं होतं. थोरल्या साडूंनी बंगला बांधून त्यावर आपल्या बायकोचं नाव कोरलं, तेव्हापासून शेवाळरावांच्या स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजत. आणि आता समोरच्या थेंबात एक अनोळखी जीव पहुडला होता. पातळ, पारदर्शक, कडा कुरतडल्यासारख्या.

"नवी प्रजाती सापडली," त्यांनी घरी जाहीर केलं. "तिला नाव तुझं देणार!"

"बंगला काय, कधीतरी पडतो. प्रजाती टिकते ना हो?"

"लाखो वर्षं!"

बायकोने लगेच माहेरी फोन लावला. झालं, माघारीची वाट बंद झाली.

शेवाळराव इरेला पेटले. शेजारच्या टेबलावरच्या टकल्या सहकाऱ्याने त्याच होडीतून, त्याच जागचं पाणी आणलं होतं, पण त्यात हा जीव औषधालाही नव्हता.

"मलाच का रे दिसत नाही?" त्याने विचारलं.

"नजर तयार असावी लागते."

"आणि वनस्पती म्हणतोस, मग हिरवं कुठाय त्यात?"

"लाजाळू असेल," शेवाळराव म्हणाले. आपण हे काय बोललो, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही, पण बोलताना भारदस्त वाटलं.

थंडी वाढली तसा जीवही वाढला. अहवालाची तारीख जवळ आली, शेवाळराव बाटल्यांवर ओणवे होऊन डोकं खाजवू लागले, तर प्रत्येक थेंबात नुसता सडा! 'थंडीत बहरणारी प्रजाती' असा निष्कर्ष त्यांनी ठोकून दिला. अखेर निर्वाळा द्यायला या विषयातल्या एक ज्येष्ठ तज्ज्ञ बाई येणार असं ठरलं.

"या अवतारात त्यांच्यापुढे उभे राहणार? माझ्या नावाची काही लाज?" बायको म्हणाली. तिने त्यांना न्हाव्याकडे पिटाळलं आणि मग आठवडाभर रोज औषधी शाम्पूने त्यांचं डोकं खसाखसा घासलं.

आणि समुद्र रिकामा झाला! नव्या बाटल्यांत तो जीव दिसेना. शेवाळराव धावत साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, नामशेष झाली!"

"कोण?"

"बायको! म्हणजे, तिच्या नावाची ती!"

साहेबांनी किनाऱ्यावरच्या कारखान्याला फोन करून फैलावर घेतलं. तिथला व्यवस्थापक धापा टाकत आला आणि नक्की काय केलं हे ठाऊक नसताना माफी मागून गेला.

तज्ज्ञ बाई आल्या त्या दिवशी शेवाळरावांनी काळा कोट चढवला होता. बाईंनी जुन्या नमुन्याची काच बराच वेळ पाहिली. मग मान वर करून शेवाळरावांना पाहिलं, त्याहून बराच वेळ.

"हा कोट धुतला नाहीत वाटतं?"

"नाही. का?"

"मग काळजी नको. प्रजाती नामशेष झालेली नाही. कॉलरवर अजून आहे थोडी."

त्यांनी चिमट्याने एक कण उचलून काचेवर ठेवला. शेवाळरावांनी पाहिलं. पातळ, पारदर्शक, कडा कुरतडल्यासारख्या. कोंडा! सहकाऱ्याने आपल्या टकलावरून हात फिरवला. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं शेवाळरावांना झालं, पण साहेबांनी आधी कारखान्याला फोन करायला लावला.

घरी काहीतरी थाप मारावी असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. दारात बायकोचा उत्सुक चेहरा दिसला आणि सगळं खरंच तोंडातून बाहेर पडलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि माहेर आठवताच एकदम थांबली. तेवढ्यात तिच्या बंगलेवाल्या थोरल्या बहिणीचा फोन आला. शेवाळरावांना खरोखर भीती वाटली.

"नावाचं ना? अगं, मीच नको म्हटलं," बायको शांतपणे म्हणाली. "त्यात सगळं काही ह्यांचंच आहे. उगाच माझं नाव कशाला?"