मागच्या ट्रकचं रेकॉर्डिंग

वगदींनी ठरवलं होतं ते एवढंच, की मोठ्या भावाचा आवाज गुपचूप साठवून ठेवायचा आणि त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. आता ज्या माणसाला स्वतःच्या घरात एक चमचा जास्तीची साखरसुद्धा गुपचूप घेता येत नाही, त्याने असल्या भानगडीत पडू नये. पण वगदी पडले, आणि पडले ते ट्रकसकट.

भाऊ म्हणजे फिक्री. सारा जन्म त्याने सुएझपासून अस्वानपर्यंत ट्रक हाकला आणि पाठीचा कणा कुरकुरायला लागला तेव्हा कुठे कैरोत घरी बसला. वगदी अलेक्झांड्रियात पाणीखात्यात कारकून होते. त्यांनी आयुष्यात काहीच हाकलं नाही (ट्राममध्येसुद्धा ते बहुतेक उतरायच्या दाराने चढत). फिक्रीच्या मुलीने, निहालने, दोघांच्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक खेळ घालून दिला आणि शुक्रवारचं दुपारचं जेवण झालं की दोन म्हातारे पडद्यावर मालवाहतूक करायला लागले. पुढे फिक्रीचा ट्रक, मागे वगदींचा. फोनची वायर कानात, सूर्यफुलाच्या बियांची वाटी मांडीवर, आणि तोंडाचा पट्टा चालू. वडील, जुने शेजारी, आंब्याचे भाव, सगळं त्या रस्त्यावर निघायचं.

"ब्रेक हळू दाब, गाढवा," फिक्री म्हणायचा.

"हो, अबीह," वगदी म्हणायचे. मोठ्या भावाला अबीह म्हणायचं हे त्यांना लहानपणी शिकवलं होतं. गाढव म्हणून घ्यायचं हेही त्याच सुमारास शिकवलं होतं.

मग फिक्रीचा घसा बसला, तो सुटेचना. निहालचा फोन आला. आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. रोगाचं नाव तिने घेतलं नाही, कारण आमच्याकडे ते घेत नाहीत. नुसतं 'ते' म्हणतात आणि पुढे देवाचं नाव घेतात. रोग्याला तर सगळ्यांत शेवटी कळतं, आणि तेही बहुधा न्हाव्याकडून. फिक्रीला सांगितलं होतं, की घशात बारीकशी गाठ आहे, काढली की मोकळा. त्यानंतर तो बोलू शकणार नाही, हे सांगायची जबाबदारी घरातला प्रत्येकजण दुसऱ्यावर ढकलत होता.

वगदी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसले. लहानपणापासून ज्या आवाजाने शिव्या घातल्या, तोच आवाज जाणार. त्यांना फार वाईट वाटलं. आणि साठवलेला म्हणावा तर तो कुठेच नव्हता. फिक्रीने कधी आवाजी निरोप पाठवला नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, म्हणायचा. "तुझ्याशी बोलतो तेवढं पुरे आहे."

म्हणून वगदी खालच्या गिरगिसच्या दुकानात गेले. गिरगिस कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि सोबत सल्ले फुकट देतो. वगदींनी विचारलं, खेळ चालू असताना सगळं रेकॉर्ड करता येतं का? गिरगिस म्हणाला, येतं की, सारं जग तेच करतंय. त्याने एक प्रोग्रॅम घालून दिला. खेळ सुरू झाला की लाल बटण दाबायचं, बस्स. कशासाठी हवंय ते त्याने विचारलं नाही आणि वगदींनी सांगितलं नाही. इथेच माती खाल्ली.

शुक्रवारी लाल बटण दाबलं आणि वगदींचा ट्रक भ्रमिष्ट झाला. रस्ता तुकड्यातुकड्यांनी यायला लागला. डावीकडे वळवावं तर ट्रक जरा विचार करायचा आणि वळण संपल्यावर वळायचा. ते टोलनाक्यात घुसले. तिथून सुटले ते टोमॅटोंचा सगळा माल कालव्यात ओतून थांबले.

"डोळे मिटून चालवतोयस का, गाढवा?" फिक्रीचा घोगरा आवाज कानात आला. त्या दिवशी त्याला मजा वाटली. पुढच्या शुक्रवारी वगदी एका चर्चच्या कुंपणात शिरले तेव्हा तो हसला नाही. हळूच म्हणाला, "वगदी, तुझा हात थरथरतो का रे?"

वगदी काय सांगणार? हात ठीक आहे म्हणावं तर रेकॉर्डिंगचं सांगावं लागणार. ते सांगावं तर का करतोयस, हा प्रश्न येणार. "थोडासा," ते म्हणाले.

झालं. ज्याच्या गळ्याला सुरी लागायची होती तो माणूस धाकट्याच्या काळजीने झोपेना. त्याने वगदींना चोरून त्यांच्या बायकोला, इन्शिराहला, फोन केला, की याला मेंदूच्या डॉक्टरकडे ने, मला लक्षण बरं दिसत नाही. इन्शिराहने दोन दिवस वगदींच्या हातातल्या चहाच्या कपाकडे टक लावून पाहिलं. (आपल्या कपाकडे कुणी असं पाहत असलं की कुणाचाही हात थरथरतो.) मग तिने निदान केलं, की हात ठीक आहे, दृष्ट लागलीय ती यंत्राला. वरच्या मजल्यावरच्या उम्म हाझिम परवाच पडद्याकडे बघून म्हणाल्या होत्या, केवढा मोठा आहे हो! आणि मागे देवाचं नाव घ्यायला विसरल्या होत्या.

इन्शिराहने निखारे पेटवले, त्यावर धूप आणि तुरटी टाकली आणि धुपाटणं टेबलाखाली नेमकं कॉम्प्युटरच्या तोंडाशी ठेवलं. आतल्या पंख्याने तो सगळा धूर भक्तिभावाने ओढून घेतला. कॉम्प्युटर खोकला, गरम झाला आणि बंद पडला.

गिरगिसने तो उघडून वास घेतला. "उस्ताद, याला अंगात आलं होतं का?"

आता मात्र वगदींनी विचारलं, की ट्रक असा का अडखळतो. गिरगिसने समजावलं, की या म्हाताऱ्या यंत्राला एका वेळी दोन कामं लावलीत. खेळाचं चित्र काढायचं आणि काढता काढता त्याची नक्कलही उतरवायची. एका मोलकरणीने झाडायचं आणि तेव्हाच पुसायचं, तर ती अडखळणारच. चित्र लहान घ्या, कमी घ्या, थोडा फरक पडेल. नाहीतर रेकॉर्डिंग बंद करा, लोण्यासारखा चालेल. त्याने पंखा साफ करून दिला, चित्र लहान केलं आणि इन्शिराहबाईंना सलाम सांगितला.

ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार आला. फिक्रीने डोंगरातून समुद्राकडे उतरणारा लांबचा रस्ता निवडला. "आज मला तुला एकदा तरी नीट पोचलेला बघायचंय," तो म्हणाला. आवाज आता कापडातून गाळल्यासारखा येत होता.

वगदींचं बोट लाल बटणावर थांबलं. दाबलं नाही तर ट्रक नीट चालेल, भावाचं समाधान होईल. दाबलं तर आवाज राहील. त्यांनी दाबलं.

घाट निम्मा उतरेपर्यंत कसंबसं जमलं. मग एका वळणावर रस्ता थबकला आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा ट्रक रस्त्यावर नव्हता. वगदी दरीत उताणे पडले. फिक्री पुढे निघून गेला असणार, असं त्यांना वाटलं. पण वर कठड्याशी दिवे दिसले. फिक्री एवढा घाट उलटा चढून आला होता.

"थांबलोय मी," तो म्हणाला. "गडबड करू नकोस."

आणि तिथे उभा राहून तो बोलायला लागला. लहानपणी समुद्रकाठी वगदीला खांद्यावर बसवून फिरवायचा, ते. वगदी एकदा खांद्यावरच झोपला आणि त्याची लाळ मानेवरून ओघळली तरी त्याला उठवलं नाही, ते. वडील गेले त्या दिवशी ट्रक मध्येच थांबवून कसा रडला, तेही, जे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणाला, "हाताला जप. मी बरा झालो की मीच तुला डॉक्टरकडे नेईन, गाढवा." वगदींचे डोळे वाहत होते. निदान हे तरी राहिलं, असं ते मनात म्हणत होते.

ऑपरेशन नीट झालं. फिक्री वाचला. वगदींनी इन्शिराहला शेजारी बसवलं आणि रेकॉर्डिंग लावलं.

ट्रकचं इंजिन ऐकू आलं. बिया फोडल्याचा आवाज आला. मग वगदींचा आवाज, "हो, अबीह." मग नुसतं इंजिन. "नाही, अबीह." पुन्हा इंजिन. रेकॉर्डिंग दरीशी पोचलं तेव्हा इंजिनही बंद होतं, आणि त्या शांततेत कुणीतरी नाक ओढत होतं. ते वगदीच होते.

इन्शिराहने साध्याच आवाजात विचारलं, "पण फिक्री तर फोनवर होता ना?"

वगदींनी कानात बोट घातलं, जिथे दर शुक्रवारी वायर असायची. कॉम्प्युटरने इमानेइतबारे कॉम्प्युटरमधलं सगळं साठवलं होतं, आणि खोलीतलं वगदींचं बडबडणंही. भाऊ फक्त त्यांच्या कानात होता. ते लहान मुलासारखे रडले, आणि इन्शिराहने त्यांना रडू दिलं.

कैरोच्या इस्पितळात फिक्री उशीला टेकून बसला होता, गळ्यात नळी, मांडीवर पाटी. वगदींनी सगळं कबूल केलं, रेकॉर्डिंग, धूप, खोटा थरथरता हात. फिक्रीने पाटीवर लिहिलं, 'आवाज जाणार हे मला माहीत होतं. म्हणून तर त्या दिवशी एवढं बोललो.' मग पुसून लिहिलं, 'लाव.'

वगदींनी फोनवर उतरवून आणलेलं दरीचं रेकॉर्डिंग लावलं. शांतता आली की तिथे फिक्री काय म्हणाला होता ते वगदी स्वतः म्हणायला लागले. त्यांना शब्दन् शब्द पाठ होता. समुद्रकाठ, खांदा, लाळ, वडील. आवाज फुटत होता तरी थांबले नाहीत. "हाताला जप," ते शेवटी म्हणाले. "मी बरा झालो की मीच तुला डॉक्टरकडे नेईन."

फिक्री डोळे मिटून ऐकत होता. त्याने डोळे उघडले, गाल पुसले आणि पाटी ओढली.

'इथे गाढव होतं,' त्याने लिहिलं.

वगदींनी रेकॉर्डिंग मागे घेतलं. परिचारिका, शेजारचे दोन रोगी आणि त्यांना भेटायला आलेली माणसं बघत असताना त्यांनी ते वाक्य नीट, पूर्ण म्हटलं.

फिक्रीचे खांदे आवाजाशिवाय हसत होते. त्याने पुन्हा पाटी वर धरली.

'मोठ्याने,' त्यावर लिहिलं होतं.