सर्वांत वाईट खेळाडू मला द्या!

गजभिये कुणाच्याही घरी गेले की आधी डुगडुगणारी खुर्ची शोधत. चहा येईपर्यंत ती उलटी करून कुठला पाय आखूड आहे ते सांगत; सुरुवात नेहमी जर्मन 'तर मग'नं. "आल्झो, खुर्ची वाईट नाही जी. तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही."

गडी मूळचा नागपूरचा. जर्मनीत झिंडेलफिंगेनला मोटारीच्या कारखान्यात तपासणी विभागात, आणि आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटा. वहिनी मुलीच्या दहावीसाठी नागपूरला होत्या. रविवारी सकाळी कॉलिंग कार्ड खरवडून त्यांच्याशी बोलून झालं, की गजभिये मागच्या मैदानावर जात. तिथे गावचा बेसबॉल संघ न चुकता हरत असे.

संघाची पद्धत ठरलेली. दर वर्षी चेंडू फेकायला एक अमेरिकन आणायचा. तो थंडी पडायच्या आत निघून जायचा आणि संघ होता तिथेच राहायचा. एका वसंतात क्लबची सभा भरली, गजभिये मलाही घेऊन गेले. अध्यक्ष होते बेकरीवाले हेर क्लाइन. "नवा अमेरिकन शोधू या," ते म्हणाले.

गजभिये ताडकन उठले. रागात त्यांचं जर्मन पळून जाई, म्हणून भाषांतराला मी होतो.

"माणसं आणता काहून? आहेत ती घडवा ना! तुमचा सर्वांत वाईट खेळाडू मला द्या."

मी जरा मवाळ करून सांगितलं. तरी सगळ्यांनी एकदम उवेकडे पाहिलं. उवे पोस्टमन, तिशीचा, ताडमाड उंच. त्यानं स्वतःच हात वर केला.

दर मंगळवारी संध्याकाळी सहाला सराव ठरला. पहिले दोन मंगळवार गजभियेंनी त्याला नुसते झेल दिले आणि बघत राहिले. मग म्हणाले, "हा शेवटच्या क्षणी डोळे मिटतो जी! इतकी वर्षं सगळे ह्याचे हातच बघत बसले."

त्यांनी चेंडूंवर मोठे आकडे लिहिले. झेलण्याआधी तो आकडा घराच्या नंबरासारखा वाचून ओरडायचा. पोस्टमनच तो! "सतरा! बेचाळीस!" अशी आरोळी ठोकत उवे धावू लागला. पहिल्यांदा चेंडू हातात राहिला तेव्हा तो बराच वेळ त्याच्याकडे बघतच उभा होता.

उन्हाळा सरता सरता उवेच्या हातून काही सुटेना. आणि शेजारच्या गावच्या वरच्या गटातल्या संघानं त्याला उचललं.

हेर क्लाइन लालबुंद. "आमचा माणूस घडवून त्यांना दिलात!"

"गेनाऊ! अगदी तेच!" गजभिये खूश. "म्हणजे पद्धत बरोबर आहे."

जायच्या आदल्या दिवशी उवे केक घेऊन तिसऱ्या मजल्यावर आला.  दोघांनी मिळून तो संपवला म्हणे.

पुढच्या मंगळवारी सहाच्या सुमारास मी कचरा टाकायला खाली उतरलो. गजभिये पार्किंगजवळ हातमोजा घालून उभे.

"उवेचा आता तिकडे सराव असतो ना?" मी विचारलं.

"हो, हो. माहीत आहे." ते मोज्यात मूठ आपटत राहिले. "पण पाय आपोआप खाली आले जी. वर जाऊन तरी काय करू? घरात भांड्याचासुद्धा आवाज नाही."

मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हाला झेल घेता येतो?"

"छे हो! कधीच नाही आला."

"अरे वा!" त्यांचा चेहरा उजळला. "कचरा टाकून या लवकर."